दोन पाळ्यांचा लसावि

शुक्रवार, १२ जानेवारी

इलियास आला नाही.

आज दोन्ही मुलगे एकाच दिवशी घरी यायचे होते. यामिनाने कालपासून रवा वळून, वाफवून ठेवला होता. कुसकुसच्या परातीत भाज्या मांडल्या आणि मांसाचे दोन मोठे तुकडे समोरासमोर ठेवले, एक थोरल्याच्या बाजूला, एक धाकट्याच्या. रदवान पहाटे ओरानहून निघून बाराच्या सुमारास पोहोचला. नमाजाला माझ्या शेजारी उभा राहिला, जेवला, आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि चार वाजता परत गेला. मांसाचा दुसरा तुकडा परातीत तसाच राहिला.

दीड वाजता धाकट्याचा फोन आला — मला नव्हे, आईला. विमान चुकलं म्हणाला. खोटं! यामिनाचा भाऊ स्लिमान अल्जिअर्सच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. काल संध्याकाळी त्यानेच इलियासला त्याच्या खोलीवर सोडलं. आणि हे त्याने आज जेवताना, रदवानसमोर, तोंडात घास असताना सांगितलं. रदवानने फक्त मिठाचं भांडं सरळ केलं.

शनिवार, १३ जानेवारी

रागाने काही साधत नाही. सबब आज आकडे मांडले.

रदवान चार आठवडे दक्षिणेत, वाळवंटातल्या तेलाच्या तळावर असतो आणि चार आठवडे सुटीवर. चक्र आठ आठवड्यांचं. इलियास त्याच कंपनीच्या दुसऱ्या तळावर आहे, चार आठवडे काम आणि दोन आठवडे सुटी. चक्र सहाचं. दोघांनी ही नोकरी धरली तेव्हा यामिनाने एकच अट घातली होती: सुटीचा पहिला शुक्रवार माझा. उरलेली सुटी त्यांनी कुठेही काढावी. रदवान ती ओरानला बायकोमुलांत काढतो, इलियास अल्जिअर्सच्या भाड्याच्या खोलीत. ही अट दोघांनी पाळली — परवापर्यंत.

तेव्हा प्रश्न सरळ आहे. एक दर आठव्या शुक्रवारी दारात येतो, दुसरा दर सहाव्या. दोघे एकदम केव्हा येतील?

आठचे पट आठ, सोळा, चोवीस. सहाचे पट सहा, बारा, अठरा, चोवीस. पहिली भेट चोवीसवर. मूळ अवयव पाडून पुन्हा पडताळलं. आठात दोन हा अवयव तीनदा येतो. सहात दोन एकदा आणि तीन एकदा. प्रत्येक अवयव जिथे जास्त वेळा येतो तितक्या वेळा घ्यायचा — तीन वेळा दोन, एक वेळ तीन. चोवीस. लघुतम सामाईक विभाज्य चोवीस, यात शंका नाही. मागे मोजून पाहिलं तरी जमतं. चोवीस आठवड्यांपूर्वी, जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी, ते असेच एका दिवशी आले होते. रदवानने इलियासला परातीशी बसलेलं पाहिलं, हातातला चमचा खाली ठेवला आणि उठून गेला. त्यामुळे काल इलियास का आला नाही हे मला कळत नाही असं नाही. पण कळणं आणि पटणं यांत फरक आहे.

पुढची तारीख निघते २९ जून.

संध्याकाळी कॉफीखान्यात स्लिमानला हे सांगितलं. तो लगेच म्हणाला, "आठ सक अठ्ठेचाळीस. दाजी, वर्षच गेलं की." त्याला समजावलं की गुणाकार हा सामाईक पट असतो खरा, पण तो सर्वांत लहान असेलच असं नाही. दोन हा अवयव आठातही आहे आणि सहातही. आपण तो उगाच दोनदा धरला म्हणून उत्तर दुप्पट आलं. टेबलावरच्या डॉमिनोच्या सोंगट्या ओळीत लावून दाखवलं. त्याने सगळ्या ओळी बघून घेतल्या. मग म्हणाला, "तुमची पोरं आहेत की धूमकेतू?" शेजारच्या टेबलावर हशा. ज्यांच्या सोंगट्या मी घेतल्या होत्या ते मात्र हसले नाहीत.

रविवार, १४ जानेवारी

गिरणीच्या कचेरीत दिवसभर लक्ष लागलं नाही. तपासलेली बेरीज मी पुन्हा तपासत होतो.

दोघांचं भांडण कोणत्या जातीचं आहे, हे मी एकदा नीट लिहून ठेवलं पाहिजे; डोक्यात ते नेहमी एका बाजूने सुरू होतं. दीड वर्षाकडे आलं. मी आणि यामिना हजला गेलो होतो. मागे माझे वडील वारले. घरात एकटा इलियास. रदवान वाळवंटात, वादळामुळे त्याचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होतं. सप्टेंबरचा उन्हाळा, गल्लीतल्या मोठ्या माणसांनी धरलेला आग्रह, खणलेली कबर — आपल्याकडे मयत ठेवून घेत नाहीत. इलियासने अस्राच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर दफन उरकलं. रदवान दुसऱ्या दिवशी दहा वाजता पोहोचला तेव्हा माती कोरडीसुद्धा झाली होती. विसाव्या वर्षापर्यंत हा मुलगा आजोबांच्या खोलीत झोपत असे. तो एवढंच म्हणाला, "एक रात्र. एक रात्र तुला थांबता आलं नाही." त्यानंतर तो धाकट्याशी बोललेला नाही.

चालीरीतीने इलियास बरोबर. माणूस म्हणून रदवान बरोबर. आणि ज्याचे वडील गेले, ज्यालाही शेवटचं तोंड दिसलं नाही, तो मी! मी गप्प बसलो. मग हा कोण धरून बसणारा?

मधल्या एखाद्या शुक्रवारी दोघांना बोलावून घ्यावं, हेही करून पाहिलं आहे. रदवानचं उत्तर ठरलेलं: "भेट ठरवून मला बोलावू नका, बाबा. माझा शुक्रवार आईचा आहे, तो मी त्याच्यासाठी मोडणार नाही. त्या दिवशी तो असला तर असला." इलियास म्हणतो की भावाने बोलावल्याशिवाय तो वाटेत जाऊन उभा राहणार नाही. दोघांचीही वाक्यं निर्दोष. म्हणून तर गणिताकडे जावं लागतं.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

सहावा आठवडा. इलियास आला.

जानेवारीबद्दल मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, की परातीवरून कुणी उठून जावं आणि त्याचं कारण आपण असावं, हे त्याला आईसमोर दुसऱ्यांदा होऊ द्यायचं नव्हतं. मी त्याला २९ जून सांगितला. हिशेब पूर्ण मांडला. तो ऐकत होता, पण त्याची नजर माझ्या आकड्यांवर नव्हती, माझ्यावर होती. हे मला आवडत नाही. आकड्यांकडे बघावं!

शेवटी म्हणाला, "येईन. विमान चुकणार नाही."

शुक्रवार, ९ मार्च

आठवा आठवडा. रदवान.

जेवण झाल्यावर त्याने सांगितलं. कतारमध्ये काम मिळालं आहे. सप्टेंबरात जायचं. बायकोमुलांसह. वर्षातून एकदा येणं होईल, झालं तर. यामिना पेले गोळा करत होती, ती करतच राहिली. मी विचारलं की इथे काय कमी आहे. तो म्हणाला, "इथे काही कमी नाही, बाबा. जास्तच आहे."

म्हणजे २९ जून ही आता एक तारीख राहिली नाही. ती एकमेव तारीख आहे! त्यानंतरचा चोवीसावा आठवडा डिसेंबरात पडतो, आणि डिसेंबरात थोरला समुद्रापलीकडे. हे असंच मनात ठेवून गेला तर ते तिथे दगडासारखं पक्कं होईल. मग दोघांची मुलं एकमेकांना रस्त्यात ओळखणार नाहीत.

मी त्याला २९ जूनबद्दल सांगितलं आणि एवढंच मागितलं की त्या दिवशी उठू नकोस. तो म्हणाला, "माझा शुक्रवार आहे, मी येईन. किती वेळ बसेन ते मला विचारू नका."

मी विचारलं नाही. पण ही काय पद्धत आहे उत्तर देण्याची?

मंगळवार, २० मार्च

यामिनाने विचारलं, चोवीसांतले किती झाले. नऊ पूर्ण.

शुक्रवार, ६ एप्रिल

बारावा. इलियास. कतारचं ऐकून तो बराच वेळ अंगणात उभा होता. आत आल्यावर जेवला, पण आईच्या समाधानापुरतं. जाताना मी २९ जूनची आठवण दिली. "पाठ आहे, बाबा," म्हणाला.

स्लिमान त्याला न्यायला आला होता. दारातूनच विचारतो, "दाजी, आजचा कोणता? आठ-वाला की सहा-वाला?" मुलांची नावं आहेत म्हटलं. मी ठेवलेली आहेत.

बुधवार, २ मे

सगळं विस्कटलं!

रदवान उद्या निघणार होता. त्याच्या जागी जो माणूस जातो, त्याचा बदली, तो आजारी पडला. बदली तळावर पोहोचून ताबा घेत नाही तोवर तिथून कोणी हलत नाही, हा नियम. रदवानला आणखी एक आठवडा राहावं लागणार. फोनवर त्याचा आवाज सपाट होता, जणू दुसऱ्या कुणाच्या सुटीबद्दल सांगतो आहे. मी विचारलं, पुढची पाळी एका आठवड्याने आखूड करतील ना? नाही. घरी राहण्याचे चार आठवडे पुरे देणार. म्हणजे सगळं चक्रच एका आठवड्याने पुढे सरकलं.

यामिना म्हणाली, एकच तर आठवडा. एकच! तिला काय सांगावं.

शनिवार, ५ मे

आज पुन्हा मांडलं. तीनदा मांडलं.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारपासून मोजलं तर रदवान आता सोळाव्याऐवजी सतराव्या आठवड्यात येणार. मग पंचविसाव्या, मग तेहतिसाव्या. इलियास अठराव्या, चोविसाव्या, तिसाव्या, छत्तिसाव्या. पहिला मुलगा सगळे विषम आकडे. दुसरा सगळे सम. आठ सम, सहाही सम. सममध्ये सम मिळवत गेलं की विषमाचा विषमच राहतो आणि समाचा सम. दोघांचा मसावि दोन. दोघांतलं अंतर जेव्हा बदलेल तेव्हा दोनच्या पटीने बदलेल, आणि एकापासून सुरू केलं तर शून्यावर कधीच येणार नाही.

म्हणजे चोवीस आठवड्यांनी नव्हे. अठ्ठेचाळीस आठवड्यांनीही नव्हे. कधीच नाही!

इतके महिने मी लसाविलाच उत्तर समजत होतो. तो फक्त सांगतो की एकदा भेटलेले पुन्हा केव्हा भेटतील. ते मुळात भेटतील की नाही, हे तो सांगत नाही. ही गोष्ट मला आधी दिसायला हवी होती, आणि मी स्वतःला काटेकोर समजतो.

सतरा आणि अठरा. पंचवीस आणि चोवीस. एकेका आठवड्याने चुकामूक. अंतर पाचचं असतं तर एवढं लागलं नसतं.

रविवार, ६ मे

यामिनाला विचारलं: रदवानसाठी तुझा शुक्रवार एक आठवडा पुढे कर. सुटीचा पहिला नव्हे, दुसरा. म्हणजे अठरावर दोघे येतील. गणित सुटतं.

ती मटार सोलत होती. म्हणाली, "आणि तो विचारेल का, तर काय सांगू? फसवून बसवलं तर पुन्हा उठून जाईल. मग माझा शुक्रवारही गेला."

तिला तर्क कळत नाही असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही, कारण चूक माझ्या तर्कात होती.

शुक्रवार, ११ मे

रदवान आला. रमजानपूर्वीचं शेवटचं शुक्रवारचं जेवण. तरीही मी न राहवून सुचवून पाहिलं, की पुढच्या शुक्रवारी रोजा सोडायला ये, मुलांना घेऊन ये. त्याने विचारलं, पुढच्या शुक्रवारी कोण येणार आहे? मी त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. प्रयत्नही करू नका."

स्लिमान हसला. मी स्लिमानला सांगितलं की त्याच्या टॅक्सीची काच फुटलेली आहे, तिच्याकडे लक्ष द्यावं.

शुक्रवार, १८ मे

रमजानचा दुसरा दिवस. इलियास आला. अजान होईपर्यंत आम्ही दोघं खजुरांसमोर बसून होतो, तेव्हा त्याला सम-विषमाचं सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण यामिनाने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. मी त्याला म्हटलं की आता तूच एक आठवडा जास्त थांब, म्हणजे तुझेही विषम होतील. एकच आठवडा. तो म्हणाला तसं मागून मिळत नाही. कुणी आजारी पडावं लागतं.

मग विचारू लागला, भावाचा तो बदली माणूस कसा आहे? परत कामावर आला का? वय काय त्याचं? मी म्हटलं, मला काय ठाऊक! रदवान सांगत होता की साठीला आला आहे आणि आता त्याला हे झेपत नाही, सोडणार म्हणतो. पण त्याचा इथे संबंध काय? मी मुद्द्याचं बोलतो आहे आणि हा एका परक्या म्हाताऱ्याच्या तब्येतीची चौकशी करतो आहे.

"मग त्याच्या जागी कोण?" म्हणे.

मी खजूर पुढे केला. अजान झाली होती.

शुक्रवार, १५ जून

ईद. दोघंही वाळवंटात, दोन वेगवेगळ्या तळांवर. सकाळी दोन फोन. यामिनाने दोघांनाही तेच विचारलं — गोड खाल्लं का. दोघांनीही तेच उत्तर दिलं. तिने फोन ठेवल्यावर मला सांगितलं की दोघांचा 'हो' सारखाच वाजतो. मला तसं काही वाटलं नाही.

गुरुवार, २८ जून

उद्याची तारीख मी जानेवारीत काढली होती. तेव्हाच्या आकड्यांप्रमाणे ती अचूक होती.

शुक्रवार, २९ जून

इलियास आला. चोविसावा आठवडा. रदवान अजून तिथेच, त्याला आठवडा आहे.

टरबूज कापल्यावर तो म्हणाला, "बाबा, माझी पाळी बदलली. आता चार आठवडे काम, चार सुटी."

माझ्या डोक्यात आकडे लगेच फिरले. आठ आणि आठ! आठ आणि आठ यांचा लसावि आठच. याहून लहान निघूच शकत नाही. एकदा जुळले की दर खेपेला जुळणार, दर आठव्या आठवड्याला दोघे एका परातीशी. सप्टेंबरापूर्वी निदान दोन वेळा. मी यामिनाकडे पाहिलं. वर्षभरात प्रथमच मला काहीतरी सुटल्यासारखं वाटलं.

मग विचारलं, कोणता तळ?

रदवानचा.

कुणाच्या जागी?

"त्या आजारी माणसाच्या. त्याने सोडलं. मी मागून घेतलं."

बदली म्हणजे काय, हे मला नीट ठाऊक आहे. हा तिथे जाईल तेव्हाच तो घरी येईल. तो तिथे जाईल तेव्हाच हा घरी येईल. चक्र दोन्ही आठचीच, पण एक सुरू होतं तिथे दुसरं संपतं. एक आठवडा नाही, एक दिवस नाही — त्याने सर्वांत लांबचं अंतर शोधून काढलं आणि ते मागून घेतलं! त्याच्या जुन्या तळावर काम हलकं होतं, साहेब ओळखीचा होता, तेही सोडलं. मी म्हटलं, "म्हणजे आता तुम्ही दोघं या घरात एकत्र कधीच नसणार. कळतंय का तुला, काय करून बसलास?"

तो टरबुजाच्या बिया बोटाने ताटलीच्या कडेला सारत होता. म्हणाला, "बाबा, या घरात मला बघून भाऊ उठून जाऊ शकतो. तिथे मी पोहोचल्याशिवाय त्याला उठता येत नाही."

आणि सांगितलं की ताबा देणं-घेणं म्हणजे नुसती सही नसते. दोघांनी मिळून एकेक पंप, एकेक झडप फिरून बघायची. काय बिघडलं होतं, कधी दुरुस्त केलं, जुन्याने सांगायचं आणि नव्याने ऐकायचं. दुपारी सुरू केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळ होते. तोवर जुना माणूस विमानात बसत नाही.

मी म्हटलं, हे पंपांबद्दलचं बोलणं झालं. पंपांबद्दल तो बोलेल, आणि जेवढं पंपांबद्दल आहे तेवढंच बोलेल. माझा मुलगा आहे, मी ओळखतो. आणि उठून आत गेलो. आज उठणारा मी होतो, हे माझ्या लक्षात आलं. पण परत बाहेर गेलो नाही.

रविवार, १ जुलै

रदवानला फोन केला. त्याला सांगण्यात आलं आहे. मी वाट पाहिली की तो चिडेल, नाही म्हणेल, बदलून मागेल. तो म्हणाला, "कंपनी ज्याला पाठवेल त्याला ताबा देईन."

बस्स. फोन ठेवण्याआधी वाऱ्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी स्लिमानला म्हटलं की दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं आहे. तो नेहमीप्रमाणे काही वात्रट बोलेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "दाजी, मी एवढ्या वर्षांत शेकडो माणसं विमानतळावर सोडली. कुणाला तरी भेटायला वाळवंटात जाणारा हा पहिलाच." आणि सोंगट्या वाटू लागला. त्यातून काय घ्यायचं ते मला समजलं नाही. दोन डाव हरलो.

मंगळवार, ३ जुलै

सुटी अर्धवट टाकून इलियास उद्या रदवानच्या तळावर निघणार. पहाटेचं विमान आहे म्हणून आज अल्जिअर्सला परत गेला. यामिनाने मकरूदांचा डबा भरला — रव्याच्या, आत खजूर घातलेल्या वड्या. मोठा डबा. मी सांगितलं की रदवान शुक्रवारी इथेच येणार आहे, त्याच्या वाटणीच्या त्याला इथे मिळतील. तू एकाच माणसाचं खाणं दोनदा धरते आहेस. ती म्हणाली, "धरू दे."

झाकण लागत नव्हतं. शेवटी मी दाबून लावलं.

शुक्रवार, ६ जुलै

बारा वाजले, नमाज झाला, दीड वाजला. रदवान आला नाही. ओरानला फोन लावला. सून म्हणाली की तो घरीही पोहोचलेला नाही. कालचं विमान त्याच्याशिवाय आलं.

यामिनाने परात झाकून ठेवली. मी म्हटलं, झालं! दोघांनी तिथे काहीतरी केलं. ताबा घेतला नाही, दिला नाही, भांडले, हात उचलला, काहीही. मी तळाचा नंबर शोधत होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि माझ्या हातात दिला.

इलियास होता. आवाज बसलेला.

"बाबा, ताबा काल सकाळीच झाला. विमान उभं होतं, पण भाऊ म्हणाला, आता त्या दिवसाचं सांग, पहिल्यापासून. आजोबा सकाळी उठले तिथून. काल दिवसभर मी सांगत होतो. आत्ता झोपलाय. उठवू का?"

मी म्हटलं, नको.